ऑफिसमधल्या जुन्या मेलच्या पीएसटी फायली पॉवरशेल स्क्रिप्टने कशा शोधायच्या, हलवायच्या आणि जपायच्या

नाशिकमधले अंबड-सातपूरचे कारखाने, कॅनडा कॉर्नरच्या आसपासची सीएंची ऑफिसं, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, कुठेही जा. कंपनीचा दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार कुणाच्या तरी टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये आउटलुकच्या पीएसटी फायलीत बसलेला असतो. ऑर्डरी, भाव पक्का झाल्याचे मेल, युरोपातल्या खरेदीदाराने कंटेनर उघडल्यावर केलेली तक्रार आणि तिला दिलेलं उत्तर, लॅबचे रेसिड्यू (फवारणीच्या औषधांचा अंश) रिपोर्ट, सगळं तिथेच. या फायलीची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसते. ती नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे रोज वापरणाऱ्यालाही सांगता येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुनी मशिन बदलणं चालू आहे. जुनं मशिन देऊन नवं घेतलं की फाइलही जुन्याबरोबर जाते.

हा लेख पाच-पन्नास कॉम्प्युटरच्या ऑफिसची आयटी सांभाळणाऱ्यांसाठी आहे. डोमेन सर्व्हर (सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणारा) असलाच पाहिजे असं नाही. लागणारं सगळं विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असतं: विंडोज पॉवरशेल ५.१ (कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारं), रोबोकॉपी (फायलींची नक्कल करणारं) आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारं). माझं म्हणणं एकच आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीत ते लागू होतं: मोजणं, नक्कल करणं आणि ताडून पाहणं ही कामं स्क्रिप्टला द्या, फाइल पुसण्याचं काम मात्र कधीही देऊ नका.

आधी फाइल ओळखा

आउटलुकच्या फायली दोन जातीच्या. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची कॉम्प्युटरवर ठेवलेली नक्कल असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचं) खातं असेल तर ती गेली तरी पुन्हा तयार होते, त्यामुळे तिच्यामागे धावू नका. अपवाद आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या) खात्याचा: त्याच्या ओएसटीत ‘फक्त या कॉम्प्युटरवर’ असे फोल्डर असू शकतात, ते सर्व्हरवर नसतात. एवढं बघून घ्या.

पीएसटीचं तसं नाही. तिच्यात जे आहे ते फक्त तिच्यातच असतं. आपल्याकडे छोट्या कंपन्यांत वेबसाइटबरोबर होस्टिंगवाल्याकडून मिळालेले मेल आयडी आणि पॉप खाती अजून भरपूर आहेत. पॉप खातं मेल पीएसटीत उतरवतं आणि सेटिंग तसं असेल तर काही दिवसांनी सर्व्हरवरून काढूनही टाकतं. म्हणजे ऑफिसच्या टेबलाखालची ती फाइल हीच मूळ प्रत.

आकाराच्या मर्यादा पाठच असू द्या. आउटलुक ९७ ते २००२ मधली जुनी, आन्सी प्रकारची पीएसटी २ जीबीच्या पुढे जात नाही, आणि त्या काठावर आली की बिघडते. आउटलुक २००३ पासून युनिकोड प्रकार आला. २००३ आणि २००७ मध्ये त्याची ठरावीक मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ५० जीबी आहे. रजिस्ट्रीत ती वाढवता येते, पण वाढवू नका. ५० जीबीची फाइल बिघडली तर ती दुरुस्त होईपर्यंत अख्खा दिवस त्या टेबलावरचं काम ठप्प. मी १० जीबीच्या पुढे गेलेली फाइल वर्षावार तोडायला सांगतो.

स्क्रिप्ट चालण्याची तयारी

नव्या विंडोजवर पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी ‘रिस्ट्रिक्टेड’ असते, म्हणजे कुठलीच स्क्रिप्ट फाइल चालत नाही. सेट-एक्झिक्युशनपॉलिसी कमांडने ती ‘रिमोटसाइन्ड’ करा, आणि स्कोप ‘करंटयूजर’ द्या. संपूर्ण मशिनसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्क्रिप्ट मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेली असेल तर विंडोज तिच्यावर ‘बाहेरून आलेली’ अशी खूण ठेवतं; आधी ती वाचून काढा, मग अनब्लॉक-फाइल चालवा. शेअर फोल्डरमधून थेट चालवण्यापेक्षा प्रत्येक मशिनच्या सी ड्राइव्हवर एक फोल्डर करून तिथे ठेवलेली बरी.

मराठी माणसाला हमखास अडवणारी एक गोष्ट इथेच सांगतो. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, समजा ‘जुने मेल’, आणि ते नाव तुम्ही स्क्रिप्टमध्ये लिहिलं, तर स्क्रिप्ट ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. बॉम (फायलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसेल तर पॉवरशेल ५.१ ती अक्षरं भलतीच वाचतं आणि फोल्डर सापडत नाही म्हणतं.

मोजणी

पहिली स्क्रिप्ट काहीही हलवत नाही, फक्त यादी करते. गेट-चाइल्डआयटम ही कमांड घ्या, पाथ म्हणून सी ड्राइव्हचा यूजर्स फोल्डर द्या, फिल्टरमध्ये तारांकन डॉट पीएसटी, आणि सोबत रिकर्स, फाइल व फोर्स हे पर्याय. फोर्समुळे लपवलेले फोल्डरही तपासले जातात. ते गरजेचं आहे, कारण आउटलुक २००७ पर्यंत पीएसटी अ‍ॅपडेटाच्या आत, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक या लपलेल्या फोल्डरमध्ये तयार व्हायची. २०१० पासून ती डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये तयार होते. विंडोज वरचेवर अपग्रेड होत आलेल्या मशिनवर दोन्हीकडे सापडतात. यूजर्स झाल्यावर डी आणि ई ड्राइव्ह पूर्ण शोधा. सी फॉरमॅट करायच्या आधी कुणीतरी सगळं डीवर टाकून दिलेलं असतं.

स्कॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर दुसऱ्या यूजरचे फोल्डर उघडणार नाहीत. आणि ‘सायलेंटलीकंटिन्यू’ देऊन एरर गप्प करताना एररव्हेरिएबलसुद्धा द्या आणि त्यात जमा झालेलं एका वेगळ्या फायलीत लिहा. ज्या फोल्डरमध्ये स्क्रिप्टला शिरताच आलं नाही, तिथे फाइल नाही असं धरून चालणं सगळ्यात महागात पडतं.

मिळालेल्या यादीतून पूर्ण पाथ, आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख निवडा, कॉम्प्युटरचं नाव जोडा आणि एक्स्पोर्ट-सीएसव्हीने सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) बनवा. एन्कोडिंग यूटीएफ८ द्या. दिलं नाही तर पॉवरशेल ५.१ आस्कीमध्ये लिहितं आणि देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. यूटीएफ८ दिलं की तीच फाइल एक्सेलमध्ये नीट मराठीत उघडते.

यादी हातात आल्यावर तारखेच्या रकान्यावर विसंबू नका. आउटलुक पीएसटी नुसती उघडली तरी तिची बदलाची तारीख पुढे सरकते. कुणी सात वर्षांत न पाहिलेली फाइल आउटलुकच्या प्रोफाइलला (खाती आणि फायली जोडल्याची त्याची नोंद) जोडलेली असेल, तर तिच्यावर आजची तारीख दिसेल. उलट, तारीख जुनी असेल तर ती बहुधा सध्या वापरात असलेल्या कुठल्या आउटलुकला जोडलेली नाही. अशा अनाथ फायलींतच राजीनामा देऊन गेलेल्यांचे मेल असतात, आणि त्याच सगळ्यात आधी ‘जागा खाते’ म्हणून उडवल्या जातात.

एक रकाना मी आग्रहाने जोडायला सांगतो: फाइल आन्सी की युनिकोड. पीएसटीचे पहिले चार बाइट उद्गारचिन्ह आणि बी, डी, एन ही अक्षरं असतात. शून्यापासून मोजत दहाव्या स्थानावर आवृत्तीचा आकडा सुरू होतो: १४ किंवा १५ असेल तर आन्सी, २३ असेल तर युनिकोड. डॉट नेटच्या फाइल-ओपनने फक्त वाचण्यासाठी फाइल उघडून बारा बाइट घेतले की काम झालं. हे आउटलुक बंद असताना करा. समजा यादीत एखादी ओळ अशी आली: अकाउंट्सचं मशिन, ‘आर्काइव्ह’ नावाची फाइल, आकार १.८ जीबी, प्रकार १४. बाकी सगळं बाजूला ठेवून त्या फायलीची नक्कल आजच्या आज घ्या. मग आउटलुकमध्ये नवी युनिकोड पीएसटी करून तिच्यातले फोल्डर तिकडे हलवा. पहिले चार बाइट वेगळेच निघाले तर ती फाइल बिघडलेली किंवा नाव बदललेली दुसरीच काही आहे, तिला हाताने तपासायच्या यादीत टाका.

कोणती फाइल कुणाला जोडलेली आहे

डिस्कवर फाइल सापडणं एक, ती आउटलुकमध्ये जोडलेली असणं दुसरं. यासाठी आउटलुकलाच विचारायचं. न्यू-ऑब्जेक्ट कमांडला कॉमऑब्जेक्ट (कॉम म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवायची विंडोजची सोय) पर्याय देऊन आउटलुक-डॉट-अ‍ॅप्लिकेशन उघडा, त्यातून मॅपी नेमस्पेस घ्या, आणि त्याच्या स्टोअर्स या (जोडलेल्या मेल फायलींच्या) संग्रहातल्या प्रत्येकाचं डिस्प्लेनेम आणि फाइलपाथ लिहून काढा. सोबत अकाउंट्स संग्रहातल्या प्रत्येक खात्याचं डिलिव्हरीस्टोअर पाहा. ज्या पीएसटीचा पाथ तिथे सापडेल तिच्यात नवे मेल येऊन पडताहेत. तिच्यासमोर यादीत ‘चालू’ असं लिहा. अशी फाइल स्क्रिप्टने हलवायची नाही.

दोन अडचणी येतात. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आणि आउटलुक साध्या यूजरने उघडलेलं, असं असेल तर कॉम ऑब्जेक्ट तयारच होत नाही, सर्व्हर एक्झिक्युशन फेल्ड असा एरर येतो. म्हणून ही स्क्रिप्ट स्कॅनच्या स्क्रिप्टपासून वेगळी ठेवा आणि त्या-त्या यूजरच्या लॉगिनमध्ये साधीच चालवा. दुसरी अडचण, हे फक्त क्लासिक आउटलुकमध्ये चालतं. नव्या आउटलुकमध्ये कॉमची सोय नाही.

नक्कल

आउटलुक चालू असताना पीएसटी लॉक असते. त्यामुळे खरं काम स्क्रिप्टचं नाही, माणसाशी बोलण्याचं आहे. ‘मॅडम, आउटलुक दहा मिनिटं बंद करता का?’ ‘भाऊ, थांबा जरा, पार्टीला बिल पाठवतेय, ट्रक गेटवर उभाय.’ हे उत्तर बरोबर आहे आणि त्याचा मान ठेवा. स्टॉप-प्रोसेसला फोर्स लावून आउटलुक पाडणं हा पीएसटी बिघडवायचा सोपा रस्ता आहे. स्क्रिप्टमध्ये गेट-प्रोसेसने आउटलुक चालू आहे का बघा. चालू असेल तर संदेश दाखवून बाहेर पडा. खिडकी बंद झाल्यावरही प्रोसेस थोडा वेळ मागे रेंगाळते, म्हणून एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा तपासा. निर्यातदारांच्या ऑफिसात जानेवारी ते एप्रिल हे काम काढूच नका. सीझन संपू द्या.

वेळेचा हिशेब आधी करा. ऑफिसचा स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, म्हणजे ५० जीबीला सव्वा तासाच्या वर. गिगाबिटवर तेच काम डिस्क साथ देत असेल तर आठ-दहा मिनिटांत होतं. बाहेरच्या डिस्कवर घेणार असाल तर ती एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नाही ना ते बघा, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी.

आता नावांचा घोळ. आउटलुकचं ऑटोआर्काइव्ह प्रत्येक मशिनवर ‘आर्काइव्ह’ याच नावाची फाइल करतं. दहा मशिनच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकल्या तर दहावी पहिल्या नऊंना पुसते आणि कुठेही एरर दिसत नाही. म्हणून नक्कल जिथे जाणार तिथे आधी कॉम्प्युटरच्या नावाचा फोल्डर, त्यात यूजरच्या नावाचा, आणि त्यात मूळ फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवा. कॉम्प्युटर आणि यूजरचं नाव पॉवरशेलला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आपोआप मिळतं.

नकलेसाठी कॉपी-आयटमपेक्षा रोबोकॉपी वापरा. पर्याय थोडेच पण नेमके द्या. झेड दिला तर मध्येच नेटवर्क तुटलं तरी पुढून सुरू होतं; पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा याची किंमत कळते. आर २ आणि डब्ल्यू ५ द्या, म्हणजे फाइल लॉक असेल तर पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा प्रयत्न करून सोडून देईल. हे दिलं नाही तर रोबोकॉपी दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून प्रयत्न करत बसतं, आणि सकाळी येऊन बघावं तर ते पहिल्याच फायलीवर अडकलेलं. लॉगसाठी यूनिलॉग घ्या, देवनागरी नावं शाबूत राहतात. एमआयआर हा पर्याय मात्र इथे लावू नका. तो मूळ जागी नसलेली फाइल नकलेतूनही काढून टाकतो. कुणी चुकून पीएसटी उडवली तर त्या रात्री तिची एकुलती नक्कलही जाईल.

रोबोकॉपीचा एक्झिट कोड वाचताना लक्षात ठेवा: ० ते ७ म्हणजे काम झालं, ८ किंवा त्याहून जास्त म्हणजे काहीतरी राहिलं. १ म्हणजे फाइल नीट कॉपी झाली. टास्क शेड्युलरमध्ये हा १ दिसला की लोक घाबरतात.

ताडून पाहणं

आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नाही. गेट-फाइलहॅश कमांडने मूळ फायलीचा आणि नकलेचा एसएचए२५६ हॅश (फायलीतल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) काढा, दोन्ही अक्षरशः सारखे असतील तरच सीएसव्हीच्या त्या ओळीत ‘जुळली’ लिहा. हे होईपर्यंत मूळच्या मशिनवर आउटलुक उघडू देऊ नका, नाहीतर मूळ फाइल बदलेल आणि हॅश कधीच जुळणार नाही. मोठ्या फायलीला काही मिनिटं लागतात, लागू द्या.

या हॅशचा दुसराही उपयोग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायची जागा आहे. पैसे अडकलेल्या पार्टीविरुद्ध मेल दाखवायची वेळ आली तर वकील हेच विचारतील. म्हणून हॅशची सीएसव्ही छापून फायलीला लावा, खाली तारीख आणि सही घ्या.

नक्कल ठेवलेली डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन) बंद करा. पीएसटीला आउटलुकमधून घातलेला पासवर्ड फार कच्चा असतो, त्याला कुलूप समजू नका.

नव्या जागी जोडणी

आर्काइव्ह फाइल त्याच मशिनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायची असेल तर क्रम असा. आउटलुकच्या कॉममधून त्या स्टोअरचा रूट फोल्डर घ्या आणि नेमस्पेसच्या रिमूव्हस्टोअरला द्या. यात फाइल पुसली जात नाही, फक्त प्रोफाइलमधून सुटते. मग आउटलुक बंद, नक्कल, हॅश. जुळल्यावर टेस्ट-पाथने नवी फाइल खरंच जागेवर आहे का ते बघा, आणि मगच अ‍ॅडस्टोअरने जोडा. टेस्ट-पाथची ही पायरी गाळू नका. अ‍ॅडस्टोअरला दिलेल्या पाथवर फाइल नसेल तर आउटलुक तक्रार करत नाही, तिथे त्याच नावाची कोरी पीएसटी तयार करून जोडतं. सकाळी समोरचा माणूस आउटलुक उघडतो आणि त्याला सगळे जुने मेल गेलेले दिसतात.

मूळ फायलीचं नाव बदलून शेवटी ‘जुनी’ जोडा आणि महिनाभर तशीच राहू द्या. महिन्याने ती पुसायची की नाही ते मालक किंवा त्या विभागाचे प्रमुख ठरवतील, आणि हातानेच पुसतील.

पीएसटी फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरवर ठेवून तिथूनच आउटलुकमध्ये उघडायचा मोह होतो. मायक्रोसॉफ्ट त्याला सपोर्ट देत नाही, आणि फाइल बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. नक्कल शेअरवर ठेवा, रोज वापरायची फाइल मात्र मशिनच्या स्वतःच्या डिस्कवर. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर ‘आउटलुक फाइल्स’ त्यातून बाहेर काढा.

फाइल मोठी झाली म्हणून कुणी मेल डिलीट केले तरी आकार लगेच कमी होत नाही. अकाउंट सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्समध्ये जाऊन ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ करावं लागतं. आणि फाइल बिघडलीच तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन वापरा, पण नेहमी नकलेवर.

पुढे दर आठवड्याला

कॉम वापरणाऱ्या स्क्रिप्टा यूजर लॉगिन असतानाच चालवा. लॉगिन नसताना आउटलुक आपोआप चालवणं मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टमध्ये बसत नाही. नक्कल आणि हॅशची स्क्रिप्ट टास्क शेड्युलरवर आठवड्यातून एकदा, ऑफिस सुटल्यानंतर लावा. लॅपटॉप असेल तर ‘फक्त चार्जिंगवर असताना चालवा’ ही खूण काढा आणि ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालवा’ ही लावा. पीएसटीत एक मेल वाढला तरी पूर्ण फाइल नव्याने कॉपी होते, म्हणून चालू फाइल लहान आणि जुन्या वर्षांच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या सोयीच्या. जुन्या वर्षांच्या फायली प्रोफाइलला जोडूच नका, म्हणजे त्यांचा हॅश कायम तोच राहील.

किती वर्षं ठेवायच्या हे आयटीवाल्याने ठरवू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ मध्ये त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळायला सांगितले आहेत, कंपनी कायद्याच्या कलम १२८ मध्ये आठ आर्थिक वर्षं. ऑर्डर आणि भावाचे मेल त्या हिशेबाला लागून येतात. तुमच्या सीएंकडून मुदत लेखी घ्या आणि सीएसव्हीत एक रकाना तिच्यासाठी वाढवा.

वर्षातून एकदा, मार्चअखेरची धावपळ सरल्यावर, नकलेतली कुठलीही एक फाइल उचला. तिची आणखी एक प्रत करून भलत्याच मशिनवरच्या आउटलुकमध्ये उघडा आणि ज्यांचे ते मेल आहेत त्यांना शेजारी बसवून एखाद्या जुन्या पार्टीचं नाव शोधायला सांगा. अटॅचमेंट उघडते का तेही बघा, आणि उघडली तर यादीत त्या ओळीपुढे तारीख टाका.